कॅमेरा भिंतीवर सगळ्यांत शेवटी: घरच्या नेटवर्कवर आयपी कॅमेरे जोडण्याचा क्रम

खोका उघडायचा, शिडी लावायची, भोकं पाडून कॅमेरा ठोकायचा आणि मग शिडीवरच उभं राहून मोबाइलमध्ये ॲप उघडायचं. बहुतेक घरांत असंच चालतं. ॲप म्हणतं, 'डिव्हाइस सापडलं नाही'. मग रीसेटचं बारीक बटण टोचायला पुन्हा वर चढा. असे तीन-चार फेरे झाले की दोष कॅमेऱ्याच्या माथी येतो. पण कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो, चुकलेला असतो तो क्रम. आधी राउटर, मग टेबल आणि शेवटी भिंत, एवढं पाळलं तर निम्म्याहून जास्त अडचणी उद्भवतच नाहीत.

खालचे टप्पे वायरच्या आणि वायफायच्या, दोन्ही कॅमेऱ्यांना लागू आहेत. कंपन्यांच्या ॲपमधली बटणं वेगवेगळ्या नावांची असली, तरी त्यामागचं काम तेच असतं.

टप्पा १: कागद आणि पेन

हा टप्पा सगळे वगळतात. एक तक्ता आखा: कॅमेऱ्याचं नाव (दार, जिना, मागची बाजू), मॉडेल, मॅक पत्ता, ठरवलेला आयपी पत्ता, वायर की वायफाय. आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवर उपकरणाला मिळणारा आकड्यांचा पत्ता. मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक उपकरणाचा कारखान्यातून आलेला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक. तो कॅमेऱ्याच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि हे स्टिकर बहुधा नेमक्या त्याच बाजूला असतं जी पुढे भिंतीला चिकटणार असते. म्हणून प्रत्येक स्टिकरचा, क्यूआर कोडसकट, आत्ताच फोटो काढून ठेवा.

आता मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन फोनचा स्वतःचा आयपी पत्ता आणि 'गेटवे', म्हणजे राउटरचा पत्ता, पाहा. गेटवे १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा काहीतरी असेल. तिसरा आकडा १ आहे की ० की आणखी काही, हे लिहून घ्या. पुढे बरंचसं यावर अडतं.

*तपासणी:* गेटवेचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून राउटरचं पान उघडा. त्याचा पासवर्ड माहीत नसेल तर आधी तो मिळवा, त्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. त्या पानावर राउटरचा बाहेरचा, म्हणजे 'वॅन' पत्ता दिसेल. तोही १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर घरात एकामागे एक असे दोन राउटर बसलेले आहेत: एक इंटरनेटवाल्याचा आणि एक तुमचा. अशा घरात कॅमेरा एका राउटरला आणि फोन दुसऱ्याला लागतो आणि मग दोघांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. यातला एक राउटर 'ॲक्सेस पॉइंट' किंवा 'ब्रिज' मोडमध्ये टाका (म्हणजे पत्ते वाटण्याचं काम दुसराच करेल), नाहीतर फोन, कॅमेरे, रेकॉर्डर (चित्रण साठवणारं यंत्र) सगळे एकाच राउटरखाली आणा.

टप्पा २: राउटर तयार करणं

कॅमेऱ्यांसाठी पत्त्यांचा एक गट राखून ठेवा. समजा राउटर आपोआप १०० ते २०० (पत्त्याचा शेवटचा आकडा) या टापूतले पत्ते वाटतो, तर ५१, ५२, ५३ हे कॅमेऱ्यांचे आणि ५० रेकॉर्डरचा. काही राउटर राखीव पत्ता वाटपाच्या टापूतलाच मागतात. तसं असेल तर टापूचं शेवटचं टोक घ्या. आकडे कोणते हे महत्त्वाचं नाही, ते तक्त्यात असणं महत्त्वाचं.

वायफायचे कॅमेरे असतील तर चार गोष्टी आत्ताच करा:

१. घरगुती कॅमेऱ्यांपैकी बरेचसे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने २.४ आणि ५ चं नाव एकच ठेवलं असेल तर जोडणी अनेकदा अर्धवट राहते. निदान सेटिंग होईपर्यंत तरी २.४ ला वेगळं नाव द्या.
२. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ ठेवा, किंवा २ आणि ३ मिश्र. फक्त डब्ल्यूपीए-३ ठेवलं तर अनेक कॅमेरे दारातच अडतात आणि 'पासवर्ड चुकीचा' असा दिशाभूल करणारा निरोप देतात.
३. वायफायचं नाव आणि पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत ठेवा. मोकळी जागा, चित्रं, अवतरणचिन्हं यांवर काही कॅमेरे अडखळतात. पासवर्ड लांब असू द्या, पण साध्याच अक्षर-अंकांचा.
४. २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. 'ऑटो' चॅनलवर ठेवलेला राउटर मध्येच चॅनल बदलतो, तेव्हा काही कॅमेरे सुटतात आणि परत येत नाहीत.

शेवटी 'यूपीएनपी' बंद करा. हे चालू असेल तर घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता राउटरचं दार बाहेरच्या जगासाठी उघडू शकतं. कॅमेऱ्याच्या बाबतीत हे नको.

*सावधान:* 'कॅमेरे गेस्ट वायफायवर टाका' हा सल्ला सर्रास दिला जातो. कल्पना चांगली आहे, कारण कॅमेरे तुमच्या संगणकापासून वेगळे राहतात. पण बहुतेक गेस्ट नेटवर्कवर उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही. मग घरातला रेकॉर्डर कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. फक्त कंपनीचं ॲप आणि मेमरी कार्ड वापरणार असाल तर गेस्ट नेटवर्क उत्तम. रेकॉर्डर असेल तर दोघांना एकाच नेटवर्कवर ठेवा, किंवा राउटरला जमत असेल तर कॅमेरे आणि रेकॉर्डर यांचं मिळून वेगळं व्हीलॅन (त्याच राउटरवरचं स्वतंत्र आभासी नेटवर्क) करा.

टप्पा ३: वीज आणि केबल

ज्या जागी केबल नेता येते तिथे केबलच न्या, हे माझं ठाम मत आहे. 'वायरलेस' कॅमेऱ्यालाही, बॅटरीचा नसेल तर, विजेची वायर लागतेच. मग तिथपर्यंत एकच नेटवर्क केबल नेऊन पीओईने, म्हणजे 'पॉवर ओव्हर इथरनेट'ने, वीज आणि चित्र दोन्ही का नेऊ नये?

पीओईची ८०२.३एएफ ही साधी प्रमाणपद्धती पोर्टवर १५.४ वॅट देते आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॅट पोहोचतात. साध्या स्थिर कॅमेऱ्याला एवढं पुरतं. फिरणाऱ्या किंवा मोठ्या दिव्यांच्या कॅमेऱ्यांना ८०२.३एटी लागू शकतं. त्यात पोर्टवर ३० वॅट असतात. नेटवर्क स्विच (अनेक केबल एकत्र जोडणारी पेटी) घेताना एका पोर्टचीच नव्हे, सगळ्या पोर्टची मिळून क्षमता पाहा. आठ पोर्ट आहेत म्हणून आठही कॅमेऱ्यांना पूर्ण वीज मिळेलच असं नाही.

केबलची मर्यादा १०० मीटर. केबल शुद्ध तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त पडते, पण लांब अंतरावर वीज गळते आणि निदान करताना जीव जातो.

*सावधान:* 'पॅसिव्ह पीओई' हा वेगळा प्रकार आहे. तो समोर काय जोडलंय हे न विचारताच वीज सोडतो. जे उपकरण त्यासाठी बनलेलं नाही ते यात जळू शकतं.

टप्पा ४: टेबलावर, एका वेळी एकच कॅमेरा

चार कॅमेरे एकदम जोडण्याचा मोह आवरा. कारण साधं आहे. काही कंपन्यांचे कॅमेरे कारखान्यातूनच एक ठरलेला पत्ता घेऊन येतात. त्याच मॉडेलचे चार कॅमेरे एकदम जोडले की चौघंही एकाच पत्त्यावर हक्क सांगतात आणि तुम्हाला कधी एक दिसतो, कधी दुसरा, कधी कुणीच नाही.

*वायरचा कॅमेरा.* राउटर किंवा स्विचला जोडा, दोनेक मिनिटं थांबा, मग राउटरच्या उपकरण-यादीत त्याचा मॅक पत्ता शोधा. यादीत नसेल तर तो ठरलेल्या पत्त्यावर बसलेला असण्याची शक्यता मोठी. उदाहरणार्थ, हिकव्हिजनचा नेहमीचा पत्ता १९२.१६८.१.६४, दाहुआचा १९२.१६८.१.१०८. आता पहिल्या टप्प्यातला तो तिसरा आकडा आठवा. तुमचं नेटवर्क १९२.१६८.०.… असेल, तर १९२.१६८.१.६४ वरचा कॅमेरा चालू असूनही दिसणार नाही. अशा वेळी लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१.२० असा हाताने पत्ता द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवा आणि कॅमेरा थेट त्याच्या पानावर उघडा. तिथे 'डीएचसीपी' (राउटरकडून आपोआप पत्ता घेणं) चालू करून जतन करा आणि लॅपटॉप पुन्हा पूर्ववत करा. कंपनीचं शोध-साधन असेल तर हेच काम ते सोपं करून देतं.

*वायफायचा कॅमेरा.* राउटरपासून दोन-तीन मीटरवर ठेवा. फोन त्याच २.४ च्या नावाला जोडा. फोनवर व्हीपीएन (इंटरनेटची जोडणी दुसऱ्या ठिकाणावरून फिरवून नेणारी सोय) असेल तर बंद, आणि ॲपला लोकेशनची परवानगी द्या. अँड्रॉइडवर तिच्याशिवाय ॲपला आसपासची वायफाय नावं दिसत नाहीत. कॅमेरा स्वतःचं वायफाय सोडून जोडणी करणारा असेल तर मोबाइल डेटा बंद करा. नाहीतर 'या वायफायवर इंटरनेट नाही' असं म्हणून फोन गुपचूप डेटावर उडी मारतो आणि जोडणी मधेच तुटते. क्यूआर कोड दाखवायचा असेल तर पडद्याची चमक वाढवा आणि फोन वीसेक सेंटिमीटरवर स्थिर धरा.

दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा तेच करू नका. कॅमेरा पूर्ण रीसेट करा (बहुतेकांत बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावं लागतं) आणि टप्पा २ मधली यादी पुन्हा तपासा.

जोडणी झाली की, दुसरं काहीही करण्याआधी, पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि राउटर असेच ताब्यात घेतले होते: कारखान्यातून आलेली नावं आणि पासवर्ड यांच्या साठेक जोड्या एकामागून एक लावून. लगेच फर्मवेअरही (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. हे काम टेबलावर आणि शक्यतो केबलवरच व्हावं, कारण अर्ध्यात वीज किंवा वायफाय गेलं तर कॅमेरा कायमचा बंद पडू शकतो.

टप्पा ५: पत्ता पक्का करणं

पत्ता कॅमेऱ्यात हाताने भरण्याऐवजी राउटरमध्ये राखून ठेवा. राउटरच्या पानावर याला 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' म्हणतात. कॅमेऱ्याचा मॅक पत्ता द्यायचा आणि तक्त्यातला आयपी द्यायचा, एवढंच. याचा फायदा राउटर बदलताना कळतो: नव्या राउटरवर यादी भरली की झालं, एकेका कॅमेऱ्यात शिरावं लागत नाही. कॅमेऱ्यात कोरून ठेवलेला पत्ता नव्या नेटवर्कच्या टापूत बसला नाही, तर पुन्हा रीसेटची शिडी.

*सावधान:* ज्या कॅमेऱ्याला केबल आणि वायफाय दोन्ही आहेत त्याचे मॅक पत्तेही दोन असतात. टेबलावर केबलने सेटिंग केलं, पत्ता केबलच्या मॅकला राखला आणि नंतर कॅमेरा वायफायवर लावला, तर तो भलत्याच पत्त्यावर जाऊन बसतो. कॅमेरा ज्या मार्गाने कायम चालणार, त्याच मार्गाचा मॅक नोंदवा.

*तपासणी:* कॅमेरा बंद करून चालू करा. संगणकावरून तक्त्यातल्या पत्त्याला 'पिंग' करा (उत्तर मागणारा छोटा निरोप पाठवा). उत्तर आलं की पुढचा कॅमेरा हातात घ्या.

टप्पा ६: कॅमेऱ्याच्या आतली सेटिंग

*वेळ.* टाइमझोन नीट लावा आणि 'एनटीपी', म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं, चालू करा. चुकीच्या वेळेचं चित्रण गरजेच्या दिवशी सापडत नाही, आणि सापडलं तरी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

*दोन प्रवाह.* जवळपास प्रत्येक कॅमेरा एकाच वेळी दोन चित्रप्रवाह देतो. मुख्य प्रवाह रेकॉर्डिंगसाठी, पूर्ण स्पष्टतेचा; उपप्रवाह मोबाइलवर आणि चार चौकटींच्या पडद्यावर पाहण्यासाठी, ६४० × ४८० च्या आसपास. 'सगळे कॅमेरे एकदम उघडले की अडकतं' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: चारही चौकटींत मुख्य प्रवाह लावलेला.

*डेटाचा हिशेब.* १०८०पी स्पष्टतेच्या एका कॅमेऱ्याला एच.२६४ मध्ये (चित्रण आटवून साठवण्याची पद्धत) सेकंदाला ४ मेगाबिट धरा. म्हणजे दिवसाला सुमारे ४३ गीगाबाइट. असे चार कॅमेरे आठवडाभर अखंड चालले तर सुमारे १.२ टेराबाइट. हा गुणाकार डिस्क घेण्याआधी करायचा असतो. एच.२६५ जागा वाचवतं, पण जुने संगणक आणि काही ब्राउझर ते दाखवत नाहीत, तेव्हा पडदा काळा दिसला तर आधी हे तपासा. फ्रेम सेकंदाला १५ पुरेत, २५-३० चा हट्ट घरात क्वचितच कामी येतो.

मेमरी कार्ड वापरणार असाल तर अखंड रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं, 'हाय एन्ड्युरन्स' प्रकारचं घ्या आणि ते कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा.

टप्पा ७: रेकॉर्डर

कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच कंपनीचे असतील तर हा टप्पा पाच मिनिटांचा. वेगळ्या कंपन्यांचे असतील तर 'ऑनव्हिफ' ही सामाईक भाषा उपयोगी पडते. इथे लोक हमखास अडकतात, कारण अनेक कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ मुळात बंद असतं आणि काहींत त्यासाठी वेगळं वापरकर्ता-नाव तयार करावं लागतं. मुख्य ॲडमिनचा पासवर्ड कितीही बरोबर टाकला तरी रेकॉर्डर 'लॉगिन अयशस्वी' म्हणत राहतो. कॅमेऱ्याच्या पानावर जाऊन ऑनव्हिफ चालू करा, वापरकर्ता तयार करा, मग रेकॉर्डरमध्ये कॅमेरा जोडा. कॅमेऱ्याचं घड्याळ बरंच मागेपुढे असेल तरीही ऑनव्हिफचं लॉगिन नाकारलं जातं. वेळेचं काम आधी करायला सांगितलं त्याचं हेही कारण.

ऑनव्हिफही जमलं नाही तर आरटीएसपीचा (चित्रप्रवाह पाठवण्याच्या पद्धतीचा) थेट दुवा वापरा. त्याचा ठरलेला पोर्ट (इथे जोडणीच्या दाराचा क्रमांक) ५५४. दुव्याचा पुढचा भाग प्रत्येक कंपनीचा वेगळा, माहितीपुस्तिकेत मिळतो. तो रेकॉर्डरमध्ये टाकण्याआधी संगणकावर व्हीएलसी प्लेअरच्या 'ओपन नेटवर्क स्ट्रीम'मध्ये लावून पाहा. तिथे चित्र दिसलं तर कॅमेरा आणि नेटवर्क निर्दोष, उरलेला घोळ रेकॉर्डरचा. पासवर्डमध्ये @, : किंवा / असेल तर हा दुवा मधूनच तुटतो. या खात्याचा पासवर्ड म्हणूनच लांब, पण अक्षर-अंकांचा ठेवा.

*सावधान:* मागे पीओई पोर्ट असलेला रेकॉर्डर त्या पोर्टांवर स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवतो. त्यात लावलेले कॅमेरे राउटरच्या यादीत दिसत नाहीत आणि फोनवरून थेट उघडत नाहीत. तो बिघाड नाही. अशा वेळी कॅमेरे रेकॉर्डरमार्फतच पाहायचे, आणि टप्पा ५ तुम्हाला फक्त रेकॉर्डरपुरता लागू.

टप्पा ८: घराबाहेरून पाहणं

राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून कॅमेरा इंटरनेटवर उघडा सोडायचा नाही. इंटरनेटवर अशी उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात, आणि पोर्टचा क्रमांक बदलल्याने ते फसत नाहीत.

दोन रास्त मार्ग आहेत. पहिला, कंपनीचं ॲप: कॅमेरा स्वतःहून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे राउटरवर काही उघडावं लागत नाही. सोपा आहे, पण विश्वास कंपनीवर टाकावा लागतो, तेव्हा त्या खात्यावर दुहेरी पडताळणी चालू कराच. दुसरा, व्हीपीएन: राउटरवर किंवा घरातल्या एखाद्या सतत चालू संगणकावर वायरगार्ड हा व्हीपीएन प्रोग्राम लावायचा, फोन त्यातून घरी 'येतो' आणि कॅमेरे घरी बसल्यासारखे दिसतात. थोडी मेहनत आहे, पण मी हाच निवडेन.

राउटरचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही इंटरनेटवाल्याच्या सामाईक पत्त्यामागे आहात. तिथे साधं वायरगार्ड बाहेरून पोहोचणार नाही. टेलस्केलसारखी व्हीपीएन सेवा वापरा.

कॅमेऱ्यांचं इंटरनेट पूर्ण तोडणार असाल तर त्यांच्या घड्याळाची सोय करा. एनटीपीसाठी राउटरचा किंवा रेकॉर्डरचा पत्ता द्या, नाहीतर घड्याळ हळूहळू सरकत जातं.

टप्पा ९: आता भिंत

भोक पाडण्याआधी कॅमेरा त्या जागी हाताने किंवा चिकटपट्टीने धरून चित्र पाहा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. वायफायचा असेल तर ॲपमध्ये सिग्नल बघा: उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला (म्हणजे उणे ६०, उणे ५५) असेल तर निर्धास्त, उणे ७५ च्या खाली गेला तर तिथे ठोकू नका. राउटर सरकवा, मधे मेश (सिग्नल पुढे नेणारं जोड-वायफाय) लावा किंवा केबल न्या.

खिडकीच्या काचेआडून बाहेर पाहायचा बेत असेल तर रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे काचेवर उमटून चित्र पांढरं होतं. छज्जा किंवा पांढरी भिंत अगदी जवळ असली तरी तेच. केबलचा जोड उघड्यावर ठेवू नका. सोबत आलेली जलरोधक टोपी खोक्यात विसरली जाते, ती बसवा. आणि कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचं दार-खिडकी येत असेल तर 'प्रायव्हसी मास्क'ने तो भाग झाका.

टप्पा १०: वीज घालवून पाहा

सगळं चालू झालं की घराचा मुख्य स्विच बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. कॅमेरे राउटरपेक्षा आधी उठतात. पत्ता मिळाला नाही की काही कॅमेरे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतात किंवा जुन्या ठरलेल्या पत्त्यावर परततात. दहा मिनिटांत सगळे आपापल्या जागी आले तर काम पक्कं. एखादा हटकून मागे राहत असेल तर राउटर आणि स्विच छोट्या यूपीएसवर घ्या.

त्यानंतरही कुरबुर उरलीच, तर लक्षणावरून कारण असं ओळखा:

- दिवसा नीट, रात्री सारखा बंद-चालू: वीज कमी पडते आहे. अंधारात इन्फ्रारेड दिवे लागतात आणि मागणी वाढते. ॲडाप्टर, केबलची लांबी किंवा स्विचची एकूण क्षमता पाहा.
- घरात दिसतो, बाहेरून नाही: कॅमेऱ्याला हात लावू नका. गेटवे, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) किंवा व्हीपीएन तपासा.
- बाहेरून दिसतो, घरात नाही: फोन आणि कॅमेरा वेगळ्या नेटवर्कवर आहेत. गेस्ट वायफाय किंवा दुसरा राउटर.
- चित्र येतं पण दर थोड्या वेळाने गोठतं: सिग्नल कमकुवत, किंवा वायफायवर मुख्य प्रवाहाचा भार. आधी बिटरेट (सेकंदाला किती मेगाबिट) निम्मा करून पाहा.
- कालपर्यंत होता, आज रेकॉर्डरला सापडत नाही: पत्ता बदलला. टप्पा ५ राहून गेला आहे.
- पासवर्ड बरोबर, तरी 'खातं लॉक': रेकॉर्डर अजून जुना पासवर्ड वापरून ठोठावतो आहे. त्याच्यातला पासवर्ड बदला, मग अर्धा तास थांबून कॅमेरा उघडा.